विमा आहे, पण डॉक्टर कोण?

गेल्या पावसाळ्यात अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर भागातील एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ मुलासोबत माझ्या दवाखान्यात आले. तेथील औद्योगिक वसाहतीतच नोकरी करून ते निवृत्त झालेले. दोन्ही पावलांवर सूज, जिना चढताना धाप आणि रात्री पाठीशी तीन उशा घेतल्याशिवाय झोप नाही, अशी तक्रार होती. सूज केव्हापासून आहे, असे मी विचारले. मुलगा म्हणाला, "महिना-दीड महिना झाला असेल, डॉक्टर. पण बाबांची पाच लाखांची पॉलिसी आहे. म्हटलं, वाढलंच तर सरळ ॲडमिट करू."

हा मुलगा बेफिकीर नव्हता. पगारातून तो न चुकता हप्ता भरत होता आणि हप्ता भरला म्हणजे वडिलांच्या आजारपणाची सोय झाली, असे मनापासून मानत होता. वडिलांना त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करावे लागले. हृदयाची शक्ती कमी पडून शरीरात पाणी साठले होते. पाच दिवसांनी ते घरी परतले आणि बिल विमा कंपनीने विनातक्रार भरले. पॉलिसीने आपले काम चोख केले. प्रश्न आहे तो त्याआधीच्या दीड महिन्याचा. तो कोणाच्याच हिशेबात नव्हता.

घरी आल्यावर त्यांना मी सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणायला सांगितले. रक्तदाबाची गोळी कल्याणच्या एका डॉक्टरांची, मधुमेहाची उल्हासनगरच्या दुसऱ्या डॉक्टरांची, आणि गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेली वेदनाशामक गोळी. दिवसातून दोनदा, सलग दोन महिने. अशी गोळी शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते, रक्तदाबाच्या औषधांचा परिणाम कमी करते आणि मूत्रपिंडांवर ताण आणते. आधीच अशक्त असलेल्या हृदयाला एवढे कारण पुरते. दोन्ही डॉक्टरांनी आपापला आजार पाहिला. पिशवी मात्र कोणीच पाहिली नव्हती.

आपल्या घरातील पॉलिसीचे कागद एकदा शांतपणे वाचून पाहावेत. सर्वसाधारणपणे भरपाई मिळते ती किमान २४ तास रुग्णालयात दाखल झाल्यावर. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, डायलिसिस अशा दिवसभरात आटोपणाऱ्या ठरावीक उपचारांना या अटीतून सूट असते. दाखल होण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या काही दिवसांचा खर्च मिळतो, पण तोही त्याच आजाराचा. दर महिन्याच्या गोळ्या, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, डॉक्टरांची फी हे बहुतेक पॉलिसींमध्ये बसत नाही. बाह्यरुग्ण खर्चाची जोड काही कंपन्या देतात. तिची वार्षिक मर्यादा किती, हे आधी विचारावे. केवळ तपासण्यांसाठी दाखल होणे तर नियमानेच वगळलेले असते. "दोन दिवस ॲडमिट दाखवा, सगळ्या टेस्ट क्लेममध्ये बसवू," अशी विनंती घेऊन येणारी मंडळी मला अधूनमधून भेटतात. माझ्या नकाराने ती नाराज होतात, पण असा दावा नामंजूर झाला की तपासण्यांसोबत खाटेचे भाडेही खिशातूनच जाते.

ज्येष्ठांसाठी अलीकडे काही चांगल्या गोष्टी झाल्या आहेत. १ एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घेण्यासाठी असलेला ६५ वर्षांचा वयाचा अडसर दूर झाला. पूर्वीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत विनामूल्य होतात. आपल्या घरात सत्तरीचे कोणी असेल आणि हे कार्ड काढलेले नसेल, तर याच आठवड्यात काढून घ्यावे. परंतु ही सारी व्यवस्था रुग्णालयाच्या दारापासून पुढे सुरू होते. दाराच्या अलीकडचे काय?

अमेरिकेतील काही डॉक्टरांना हाच प्रश्न वेगळ्या कारणाने पडला. तेथे सर्दी-खोकल्याची भेटसुद्धा विम्यातून जाते आणि डॉक्टरांचा बराचसा वेळ दाव्यांच्या कागदपत्रांत खर्च होतो. म्हणून त्यांच्यापैकी काहींनी विमा कंपनीशी व्यवहारच थांबवला. रुग्णाकडून दरमहा ठरावीक रक्कम घ्यायची आणि तिच्यात भेटी, फोनवरील सल्ला, साध्या तपासण्या असे सारे द्यायचे. याला तेथे डायरेक्ट प्राइमरी केअर म्हणतात. आपण थेट प्राथमिक सेवा म्हणू. सिएटल शहरात २००७ मध्ये सुरू झालेली क्लायन्स ही या पद्धतीची गाजलेली संस्था २०१७ मध्ये बंद पडली, हेही सांगितले पाहिजे. एकेकट्या डॉक्टरांचे लहान दवाखाने मात्र चालू आहेत.

आपल्याकडे स्थिती उलट आहे. आपण डॉक्टरांना नेहमी थेटच पैसे देत आलो. प्रत्येक भेटीला, रोख. त्यामुळे अमेरिकेतील या पद्धतीतून 'विमा नको' हा भाग उचलण्यासारखा नाही. उचलण्यासारखी आहे ती आगाऊ वर्गणी. भेटीला पैसे घेणारा डॉक्टर आपण गेलात तरच आपला. वर्गणी घेणाऱ्या डॉक्टरवर मात्र आपण गेला नाहीत त्या दिवसांचीही जबाबदारी येते.

ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने परिसरातील गावांत ज्वारीवर आधारलेली आरोग्य योजना चालवली. पीक हाती आले की प्रत्येक कुटुंब आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी देई. गावातील किमान पाऊणशे टक्के कुटुंबे सामील झाली, तरच योजना त्या गावाला लागू होई. त्या निधीवर गावातच आरोग्यसेवक आणि औषधांची सोय उभी राहिली, आणि मोठे दुखणे आले तर मागे सेवाग्रामचे रुग्णालय होते. मला या योजनेतील क्रम फार मोलाचा वाटतो. पैसे आजारापूर्वी, सेवा घराजवळ, आणि रुग्णालय पाठीशी, दारातच नव्हे.

दुसरे उदाहरण आपल्या औद्योगिक वसाहतीतले. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत महाराष्ट्राने खासगी डॉक्टरांचे पॅनेल नेमले. डॉक्टरांच्या यादीत जितके कामगार, त्या हिशेबाने त्यांना वार्षिक रक्कम. कामगार कितीही वेळा आला तरी. या पद्धतीचा दोषही जुन्या कामगारांना ठाऊक आहे. रक्कम ठरलेली असल्याने यादी लांबत जाई, रांग लांबत जाई आणि तपासणी आखूड होई. वर्गणीची व्यवस्था कोठे बिघडते ते येथे दिसते: एका डॉक्टरकडे किती माणसे, याला मर्यादा हवी.

विषय निघालाच आहे, तर आनंदनगर, बदलापूर, उल्हासनगर येथील निवृत्त कामगारांसाठी एक माहिती देतो. किमान पाच वर्षे या विम्याखाली नोकरी करून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या विमाधारकाला स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वर्षाला अवघे १२० रुपये भरून या योजनेची वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवता येते. दवाखान्यातील तपासणी आणि औषधेही त्यात येतात. निवृत्तीनंतर कार्ड कपाटात ठेवून दिलेले कितीतरी जण मला भेटले आहेत. जुना विमा क्रमांक आणि निवृत्तीचा दाखला घेऊन शाखा कार्यालयात चौकशी करावी.

गेली चार वर्षे मी स्वतः परिसरातील थोड्या घरांपुरती वर्गणीची पद्धत चालवतो. रक्कम येथे लिहीत नाही. तसे केले तर हा लेख माझीच जाहिरात होईल. वर्गणीत महिन्यातून एक ठरलेली भेट, गरजेप्रमाणे फोन, तीन महिन्यांनी गोळ्यांच्या पिशवीची झडती आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाकडे घरी जाणे एवढे येते. औषधे आणि प्रयोगशाळेचा खर्च वेगळा.

या पद्धतीतील अडचणी मला ठाऊक नव्हत्या, त्या रुग्णांनी शिकवल्या. एक आजी वर्गणी भरूनही वर्षभर फोन करीत नव्हत्या. "तुम्हाला कशाला त्रास?" हे त्यांचे उत्तर. शेवटी मीच दर पंधरा दिवसांनी फोन करू लागलो. दुसऱ्या एका घरातून रात्री साडेअकराला शिंका आल्याची वार्ता येई. आणि एका वर्षी मलाच डेंग्यू झाला. दहा दिवस मी पडून होतो आणि ज्यांनी माझ्या भरवशावर पैसे भरले, त्यांना तेव्हा कोणीच नव्हते. त्यानंतर मी एका समव्यावसायिक मित्राशी लेखी ठरवून घेतले आणि प्रत्येक घरात औषधांचा अद्ययावत कागद ठेवला. एकट्या डॉक्टरवर उभी असलेली कोणतीही व्यवस्था त्या डॉक्टरच्या प्रकृतीइतकीच टिकाऊ असते.

मला सर्वांत अधिक घाबरवले ते एका निवृत्त दांपत्याने. माझ्याकडे वर्गणी भरल्यावर त्यांनी पॉलिसीचा हप्ता भरलाच नाही. "आता तुम्ही आहात ना, डॉक्टर," असे काका म्हणाले. मी असून काय करणार? काकू स्नानगृहात घसरून खुब्याचे हाड मोडले, तर माझी वर्गणी त्या शस्त्रक्रियेच्या जवळपासही पोहोचत नाही. सुदैवाने हप्ता चुकल्यानंतरची ३० दिवसांची सवलतीची मुदत संपली नव्हती. हप्त्याची पावती दाखवा, तोवर तुमचे नाव माझ्या यादीत नाही, असे मी सांगितले. काकांना राग आला. तिसऱ्या दिवशी ते पावती घेऊन आले, पण माझ्याशी धड बोलले नाहीत.

आपल्या भागातील कोणी डॉक्टर अशी वर्गणी घेत असतील, किंवा आपणच आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे हा प्रस्ताव ठेवणार असाल, तर व्यवहार कागदावर करावा. वर्गणीत काय येते, रात्री कोणता फोन लावायचा, डॉक्टर गावी गेले तर कोण पाहणार, आणि मध्येच स्थलांतर झाले किंवा रुग्ण दगावला तर उरलेली रक्कम परत मिळते का, हे विचारण्यात संकोच नसावा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी फी दवाखान्यात लावायची असते आणि तपासणी वा शिफारशीसाठी कमिशन घ्यायचे नसते. दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. मार्च २०२० पासून फोनवरील सल्ल्यालाही रीतसर नियमावली आहे. "रुग्णालयाचे बिलही आम्हीच भरू," असे जर कोणी डॉक्टर वर्गणीच्या बदल्यात म्हणू लागले, तर तेथून उठावे. तो विम्याचा धंदा झाला आणि त्याला परवाना लागतो.

खर्चाचा अंदाज घरीच काढता येतो. गेल्या वर्षी डॉक्टरांकडे किती वेळा गेलात, प्रत्येक वेळी फी आणि रिक्षा मिळून किती लागले, तीच तपासणी दोन ठिकाणी किती वेळा झाली, हे मांडून पाहावे. वर्गणी या बेरजेहून फार जास्त असेल, तर घेऊ नये. ज्या ज्येष्ठांचा आरोग्य विमाच नाही, त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चावर आयकराच्या जुन्या पद्धतीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. मात्र पैसे रोखीने दिलेले नसावेत. पावत्या जपून ठेवाव्यात.

ज्या गृहस्थांपासून हा लेख सुरू झाला, त्यांच्या घरी आता एक वजनकाटा आहे आणि भिंतीला दोरीने बांधलेली वही. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, वजन करायचे आणि लिहायचे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर पाणी साठू लागले असे समजून फोन करायचा. धाप लागली, तर वहीची वाट न पाहता निघायचे. गेल्या मंगळवारी त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. दोन दिवसांत दीड किलो वाढले होते. रविवारी लग्नाला गेले होते आणि पंगतीत लोणचे-पापड झाले होते. धाप नव्हती. लघवी वाढवणारी गोळी तीन दिवस किती घ्यायची ते सांगितले आणि शुक्रवारी पिशवीसकट बोलावले. शुक्रवारी ते जिना चढून आले.