कपाशीच्या उतारावरील गवती पट्टा आणि संगणकाचा हिशेब

शेतातून वाहून जाणारे पावसाचे पाणी, म्हणजेच अपधाव, नाल्याला मिळण्यापूर्वी दाट गवताच्या पट्ट्यातून गेले, तर त्याचा वेग मंदावतो, त्यातील माती खाली बसते आणि मातीच्या कणांना चिकटलेला स्फुरद शेताच्या कडेलाच राहतो. हे तत्त्व जुने असले, तरी पट्टा किती रुंद ठेवावा आणि कोठे, हे ठरवण्यासाठी आता संगणकीय प्रतिमानांचा, म्हणजे निसर्गातील घडामोड समीकरणांत मांडून संगणकावर चालवून पाहण्याच्या पद्धतीचा, आधार घेतला जातो. खानदेशासाठी हा विषय दूरचा नाही. तापी-पूर्णा संगमाच्या खालच्या अंगाला, १९८२ साली पूर्ण झालेल्या ४१ दरवाजांच्या हतनूर धरणात जो गाळ साचला आहे, त्यात वरच्या खोऱ्यातील शेतजमिनींचा वाटा उघड आहे.

या पट्ट्यांसाठीचे सर्वाधिक वापरातले प्रतिमान म्हणजे ‘व्हीएफएसमॉड’. राफाएल मुन्योझ-कार्पेना आणि जॉन पार्सन्स यांनी ते १९९० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात विकसित केले. पट्ट्यावरून पाणी कसे सरकते, जमिनीत किती मुरते आणि गाळ कोठे थांबतो, या तीन प्रश्नांची उत्तरे ते एकत्र देते. मुरण्याचे गणित ग्रीन आणि अँप्ट यांच्या १९११ मधील समीकरणावर उभे आहे, तर गाळाचे गणित केंटकी विद्यापीठातील १९७० च्या दशकातील प्रयोगांवर, ज्यांत गवताच्या काड्यांमधील अंतर आणि त्यांची उंची यांना निर्णायक स्थान आहे.

अडचण सुरू होते ती काळ्या मातीपाशी. स्थिर पाण्यात कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे २० मायक्रॉनचा कण जेवढ्या वेळात तळाला जातो, त्याच्या शंभरपट वेळ २ मायक्रॉनच्या चिकणकणाला लागतो, आणि खानदेशच्या काळ्या जमिनीत असे सुटे चिकणकण विपुल असतात. त्यांना अडवण्याचा खरा मार्ग म्हणजे पाणीच मुरवणे. पण ते मुरणार किती? अमेरिकी मृदसंधारण खात्याच्या ‘वक्र क्रमांक’ पद्धतीत जमिनीची पाणी वाहू देण्याची प्रवृत्ती शून्य ते शंभर या मोजपट्टीवर मांडतात. ओळीत पेरलेल्या कपाशीच्या भारी काळ्या जमिनीसाठी हा क्रमांक नव्वदच्या आसपास येतो. तो ९० धरल्यास ६० मिलिमीटरच्या एका पावसातून सुमारे ३६ मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ३६० घनमीटर पाणी वाहते. शंभर मीटर लांब-रुंद शेताच्या खालच्या कडेला पाच मीटरचा पट्टा ठेवला, तर साधारण पाच गुंठे जमीन त्यात जाते, आणि भिजलेल्या काळ्या मातीला ताशी ५ मिलिमीटर मुरण्याचा उदार वेग दिला तरी दोन तासांत तेथे जेमतेम ५ घनमीटर पाणी जिरते. उरलेल्या ३५५ घनमीटरांतील जाड गाळ पट्टा अडवील. गढूळपणा मात्र नाल्यात जाईलच. जूनच्या पहिल्या पावसात, जमिनीच्या भेगा उघड्या असताना, हाच पट्टा कितीतरी अधिक पाणी पितो. परंतु ग्रीन-अँप्टचे मूळ समीकरण एकसंध माती गृहीत धरत असल्याने भेगा त्याच्या हिशेबात येत नाहीत.

दुसरी बाब पाणी वाहण्याच्या वाटेची. उतारावरून येणारे पाणी सारख्या पातळ थरात सहसा पट्ट्याला भिडत नाही, ते सरींतून एकवटून शेताच्या सखल कोपऱ्यात फुटते. ‘स्वॅट’ या अमेरिकी कृषिखात्याच्या पाणलोट प्रतिमानाने हे मान्य करून पट्ट्याचा एकदशांश भाग निम्मा अपधाव झेलतो, असे गृहीतक मूलतः ठेवले आहे. पाच मीटर की दहा, हा वाद त्यामुळे दुय्यम ठरतो. कोपरा आधी सापडला पाहिजे.

सर्वत्र पट्टे हवेत, असेही नाही. रावेर-यावलच्या सपाट गाळमातीत ठिबकवर वाढणाऱ्या केळीबागांत नत्राचा मोठा धोका पृष्ठभागावरून वाहण्याचा नसून नायट्रेटच्या रूपाने भूजलात झिरपण्याचा आहे, आणि तेथे गवती पट्टा फारसे काही करू शकत नाही. त्याची जागा पारोळा, चाळीसगाव, साक्रीकडील उताराच्या कपाशीत आहे, जेथे जून-जुलैत जमीन जवळजवळ उघडी असते.

या कामाचा अर्धा हिशेब जळगाव जिल्ह्यापुरता झालेलाच आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात जळगावचा समावेश होता, आणि त्यासाठी मुंबईच्या आयआयटीने तयार केलेले पाण्याच्या ताळेबंदाचे प्रतिमान माती, उतार, पीक व दैनंदिन पाऊस घेऊन गावोगावचा अपधाव काढते. तो अपधाव किती माती नेतो आणि पट्टा त्यातली किती अडवतो, हे त्याच्या कक्षेत नव्हते. या ताळेबंदाचा शेवटचा आकडा व्हीएफएसमॉडचा पहिला आकडा होऊ शकतो, एवढी साधी जोडणी करण्याजोगी आहे.

शेतकऱ्याची हरकत मात्र वेगळीच, आणि ती रास्त आहे. कुंदा आणि हराळी उपटण्यात ज्याची हयात जाते, तो बांधालगत मुद्दाम गवत का लावील? उत्तर चाऱ्यात आहे: राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले मारवेल ०६-४०’ यांसारखा कापणीचा वाण पाच गुंठ्यांचे मोल परत देऊ शकतो. याच विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय धुळ्यात आहे. त्याने आपल्या प्रक्षेत्राच्या उतारावर पट्टे लावून सलग काही हंगाम भेगांच्या जूनचे आणि भिजलेल्या ऑगस्टचे पाणी वेगवेगळे मोजावे, कारण त्या मोजमापांशिवाय पट्ट्याच्या रुंदीचा कोणताही आकडा खानदेशात अनुदानाच्या निकषात घालू नये.