परदेशात मोबाईल : क्रमांक घरचा, इंटरनेट तिथले

परदेशप्रवास ही आता आपल्या समाजात अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. बडोद्यातील कितीतरी मराठी घरांतून मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, कॅनडात वा जर्मनीत स्थायिक झालेली आहे. आजी-आजोबा चार-सहा महिने तिकडे राहून येतात. आम्हा डॉक्टर मंडळींचेही परिषदांच्या निमित्ताने जाणे-येणे चालू असते. पासपोर्ट, व्हिसा, विमा, औषधे आणि नातवंडांसाठी लाडू-चिवडा ही यादी सर्वांना तोंडपाठ असते. मोबाईलची तयारी मात्र बहुधा विमानतळावर पोहोचल्यावर सुरू होते. वस्तुतः बँकेचे व्यवहार, तिकिटे, नकाशा, घरची ख्यालीखुशाली आणि डॉक्टरांच्या बाबतीत रुग्णांचा विश्वास, एवढे सारे आज त्या एका यंत्रावर अवलंबून आहे. म्हणून या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार येथे करावयाचा आहे.

सर्व गोंधळाचे मूळ एका गैरसमजात आहे. मोबाईल ही एकच सोय आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यात दोन निरनिराळ्या सोयी नांदत असतात. पहिली म्हणजे आपला क्रमांक. बँक, नातलग आणि रुग्ण आपल्याला त्यावरून ओळखतात. एका अर्थी ती आपली ओळख आहे. दुसरी म्हणजे इंटरनेट. ते कोणाकडूनही घेतले तरी सारखेच. ओळख घरचीच राहू द्यावी आणि इंटरनेट जेथे जाऊ तेथले घ्यावे, एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले की पुढील बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

रोमिंग म्हणजे नेमके काय?

आपल्या सिमकार्डात एक आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक साठवलेला असतो. तो साधारणतः पंधरा अंकी असतो आणि त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारतीय सिमच्या बाबतीत ते बहुधा ४०४ किंवा ४०५ असतात. आपण न्यूयॉर्कला उतरून मोबाईल चालू केला की तेथील कंपनी हे अंक वाचते आणि भारतातील आपल्या कंपनीला विचारते, 'हा ग्राहक तुमचाच ना? याला सेवा द्यावी काय?' होकार आला की सेवा सुरू होते. परगावी आजारी पडलेल्या रुग्णाबद्दल तेथील डॉक्टरांनी आपल्याला फोन करून पूर्वइतिहास विचारावा आणि उपचाराचे बिल घरी पाठवावे, तसाच हा प्रकार. दोन देशांतील कंपन्यांमध्ये असा पहिला करार १९९२ मध्ये फिनलंड आणि ब्रिटन यांच्यात झाला. आज हे जाळे जगभर पसरले आहे.

यातील आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. रोमिंगवर आपण इंटरनेट वापरतो तेव्हा आपली माहिती सामान्यतः तेथून थेट इंटरनेटवर जात नाही. ती आधी आपल्या मूळ कंपनीच्या देशात येते आणि तेथून पुढे जाते. त्यामुळे वेग किंचित मंदावतो, पण कधी कधी याचा फायदाही होतो. चीनमध्ये २०१७ पासून व्हॉट्सॲप रोखलेले आहे. तेथील हॉटेलच्या वाय-फायवर किंवा स्थानिक सिमवर ते चालत नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर मात्र ते सहसा चालते, कारण संदेशांची वाट घरावरून जाते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे संदेश चालतात, पण त्यावरून बोलण्यावर निर्बंध राहिलेले आहेत. दुबईला मुलाकडे जाणाऱ्यांनी त्यालाच विचारून तेथे मान्य असलेले ॲप आधीच उतरवून घ्यावे.

क्रमांक जिवंत ठेवा

परदेशी सिम घेतले की आपले सिम काढून पाकिटात जपून ठेवण्याची अनेकांची पद्धत आहे. ती सोडून द्यावी. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. सिम पाकिटात असेल तर हाती कार्ड असूनही पैसे भरता येत नाहीत. शिवाय संदेशवहनाच्या ॲपमध्ये नोंदवलेले सिम त्याच फोनमध्ये चालू असले पाहिजे, असे निर्देश भारताच्या दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले. तेव्हा भारतीय सिम फोनमध्येच राहू द्यावे. भारतात असतानाच आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा सुरू करून घ्यावी, आणि फोनच्या सेटिंगमध्ये त्या सिमचे 'डेटा रोमिंग' मात्र बंद ठेवावे. अशा स्थितीत येणारे एसएमएस मिळतात आणि इंटरनेटचा खर्च त्या सिमवर पडत नाही. एसएमएस स्वीकारण्यास बहुधा पैसे पडत नाहीत, पण आलेला फोन घेतल्यास पडतात. आपल्या कंपनीचे दर निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत.

दीर्घकाळ राहणाऱ्या ज्येष्ठांनी एक पथ्य अवश्य पाळावे. प्रीपेड सिमची मुदत परत येण्याच्या तारखेच्या पुढे जाईल असा रिचार्ज करूनच निघावे. वापराविना पडलेला क्रमांक बंद होतो आणि कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मग आपल्या पेन्शनच्या खात्याचे संदेश अनोळखी माणसाच्या हाती पडू लागतात. सहा महिन्यांच्या मुक्कामात हा धोका खरा आहे.

इंटरनेट तिथले घ्या

आजच्या बहुतेक फोनमध्ये दोन सिम चालतात. एकात भारतीय क्रमांक राहू द्यावा आणि दुसऱ्यात तेथील डेटा घ्यावा. व्हॉट्सॲप जुन्याच क्रमांकावर चालू राहते. नवे सिम पाहून त्याने 'क्रमांक बदलायचा का?' असे विचारल्यास नकार द्यावा.

हे दुसरे सिम आता प्लॅस्टिकचेच असावे लागत नाही. फोनमध्ये कारखान्यातच बसवलेल्या चिपवर सिमची माहिती इंटरनेटवरून उतरवता येते. यालाच ई-सिम म्हणतात. आपला फोन त्यास योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी *#०६# डायल करावे. येणाऱ्या क्रमांकांत 'ईआयडी' असा एक लांबलचक क्रमांक दिसल्यास फोनमध्ये सहसा ती सोय असते. पैसे भरल्यावर एक क्यूआर कोड मिळतो, तो वाचवला की ई-सिम फोनमध्ये दाखल होते. हे काम करण्यासाठीच इंटरनेट लागते. म्हणून ते घरच्या वाय-फायवर, निघण्याच्या आदल्या दिवशी उरकावे आणि परदेशी उतरल्यावर फक्त चालू करावे.

परदेशस्थ मुलांकडून फोनची भेट स्वीकारणाऱ्या आई-वडिलांसाठीही एक सूचना आहे. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये प्लॅस्टिकच्या सिमसाठी जागाच नाही. असा फोन हाती आल्यावर आपले भारतीय सिम त्यात बसणार नाही; ते आपल्या कंपनीकडून ई-सिममध्ये बदलून घ्यावे लागेल.

कोणी काय घ्यावे, याचे माझे गणित साधे आहे. चार-आठ दिवसांच्या परिषदेसाठी भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक पुरेसा आहे; थोडा महाग पडला तरी दगदग नसते. मात्र पॅक असताना त्याच सिमचे डेटा रोमिंग चालू करावे लागते. दोन-तीन आठवड्यांच्या, अनेक देशांच्या सहलीस त्या सर्व देशांत चालणारे ई-सिम सोयीचे. आणि मुलांकडे काही महिने राहायचे असल्यास तेथील स्थानिक जोडणी उत्तम.

युरोपच्या सहलीत एक खाचखळगा आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार १५ जून २०१७ पासून एका सदस्यदेशात घेतलेले सिम इतर सदस्यदेशांत वाजवी मर्यादेत जादा आकाराविना वापरता येते. नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन येथेही हा नियम लागू आहे. परंतु आपल्या मंडळींचे लाडके स्वित्झर्लंड त्यात नाही, आणि ब्रिटनही २०२१ पासून त्याबाहेर आहे. पॅरिसमध्ये सिम घेतानाच ते या दोन देशांत चालते का, हे विचारून घ्यावे. अमेरिकेत जाणाऱ्यांनी फोन फार जुना नाही ना, हे पाहावे. तेथील प्रमुख कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जी जाळे बंद केले. ज्या फोनवर फोर-जी जाळ्यातून बोलता येत नाही, त्यावर तेथे साधा फोन करणेही अवघड होते.

गळती कोठे होते?

विकत घेतलेला डेटा आपण वापरतो त्यापेक्षा फोन स्वतःहून अधिक संपवतो. ॲप अद्ययावत होणे, छायाचित्रांची आपोआप साठवण आणि सुप्रभातीच्या फुलांची चित्रे व चित्रफिती हे मुख्य चोर आहेत. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन माध्यमांचे आपोआप उतरणे बंद करावे आणि छायाचित्रांची साठवण केवळ वाय-फायवर ठेवावी. ज्या शहरात जायचे त्याचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. मग इंटरनेट नसतानाही रस्ता सापडतो.

विमानात आणि प्रवासी जहाजावर फोन 'फ्लाइट मोड'मध्येच हवा. अनेक विमानांत व जहाजांत उपग्रहाद्वारे चालणारे स्वतंत्र मोबाईल जाळे असते. आपला फोन नकळत त्याला जोडला जाऊ शकतो, आणि तेथील दर जमिनीवरील दरांच्या कितीतरी पट असतात. विमानतळावरील फुकट वाय-फाय बातम्या वाचण्यास ठीक आहे, पण बँकेचे काम आपल्या स्वतःच्या डेटावरच करावे. ओळखीच्या नावाचे बनावट वाय-फाय उभे करणे फारसे कठीण नसते.

विजेचाही विचार हवा. पॉवर बँक सामानाच्या बॅगेत टाकता येत नाही. ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. शंभर वॅट-अवरपर्यंत सामान्यतः परवानगी लागत नाही. नेहमीच्या वीस हजार एमएएचच्या पॉवर बँकेची क्षमता ७४ वॅट-अवर भरते, म्हणजे ती मर्यादेत बसते. तीस हजारांची १११ भरते आणि तिला विमान कंपनीची संमती लागते. २०२५ पासून काही कंपन्यांनी उड्डाणात पॉवर बँक वापरण्यासही मनाई केली आहे.

डॉक्टरांसाठी दोन शब्द

येथवर सांगितले ते सर्वांसाठी. आता आपल्या व्यवसायबंधूंसाठी. तंत्राने जोडलेले राहणे सोपे झाले आहे, म्हणूनच कोठवर जोडलेले राहावे हे ठरवणे आवश्यक झाले आहे. बडोद्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यातील न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा साडेबारा वाजलेला असतो. त्या वेळी एखादी आई तीन दिवसांच्या बाळाचे छायाचित्र पाठवते, 'डॉक्टर, पिवळे दिसते का?' नवजात अर्भकाची कावीळ प्रत्यक्ष डोळ्यांनीदेखील अचूक जोखता येत नाही. मग खोलीतला दिवा आणि कॅमेऱ्याने बदललेला रंग यांतून ती काय जोखणार? तीन महिन्यांखालील बाळाचा ताप, दूध न ओढणे, जलद श्वास, झटके, सुस्ती, यांपैकी कोणत्याही तक्रारीला परदेशातून एकच उत्तर आहे, 'आत्ता, ताबडतोब प्रत्यक्ष दाखवा.' आणि कोठे दाखवा, हे सांगता आले पाहिजे.

भारतात दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाली. भारताच्या अधिकारक्षेत्राबाहेरील सल्लामसलतीची तरतूद त्यांत नाही. ज्या देशात आपण असतो तेथे व्यवसायाचा परवानाही आपल्यापाशी नसतो. तेव्हा हॉटेलच्या खोलीतून औषधे लिहून देण्याआधी दहादा विचार करावा.

यासाठी निघण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. एक, सहकारी डॉक्टरांना रीतसर जबाबदारी सोपवून नाजूक रुग्णांची माहिती लेखी द्यावी. दोन, दवाखान्याच्या क्रमांकावर येणारे सर्व फोन भारतात असतानाच त्यांच्याकडे वळवावेत. सरसकट वळवलेला फोन परदेशात येतच नाही, म्हणून त्याचा भुर्दंडही पडत नाही. तीन, व्हॉट्सॲप बिझनेसवर अनुपस्थितीचा संदेश लावावा आणि त्यात सहकाऱ्यांचे नाव, क्रमांक व जवळच्या रुग्णालयाचा पत्ता द्यावा. येथे एक गंमत ध्यानात ठेवावी. 'मी नाही' हे सांगणारा तो संदेश आपला फोन इंटरनेटला जोडलेला असेल तेव्हाच जातो! म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये. दवाखान्याच्या दारावर पाटी लावावी आणि नऊ महिने भरत आलेल्या मातांना व दीर्घ आजाराच्या मुलांच्या पालकांना आधी सांगून ठेवावे.

संपर्क हे साधन आहे. रुग्णाला हवा असतो तो आधार. हजारो मैलांवरून अर्धवट झोपेत दिलेल्या उत्तरापेक्षा, चार गल्ल्यांवर जागे असलेल्या सहकाऱ्याचा क्रमांक त्या आईला अधिक उपयोगी पडतो. तो क्रमांक तिच्या हाती देऊन मगच बॅग उचलावी.