यंत्रशिक्षणाची उन्हाळी शाळा आणि जालन्याचा कापूस

जालना जिल्ह्यातील कपाशीच्या शेतात लावला जाणारा कामगंध सापळा ही तशी साधी वस्तू. गुलाबी बोंडअळीचे नर पतंग रात्री त्यात अडकतात. सकाळी ते मोजावयाचे. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात दररोज सरासरी आठ पतंग आढळले, की उपाययोजनेची वेळ आली असे समजावे, अशी कृषिशास्त्रज्ञांची शिफारस आहे. मोजणी चुकली तर फवारणी उशिरा होते किंवा विनाकारण होते. दोन्ही प्रकारांत नुकसान शेतकऱ्याचेच.

ही मोजणी छायाचित्रावरून यंत्राने करावी, या हेतूने मुंबईच्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेने ‘कॉटनएस’ ही प्रणाली विकसित केली. अशा प्रणालीमागील शास्त्र म्हणजे यंत्रशिक्षण, अर्थात मशीन लर्निंग. हे शास्त्र शिकविणाऱ्या उन्हाळी शाळा देशात व परदेशात भरतात. जालन्याच्या विद्यार्थ्याने व अध्यापकाने तेथे कोणत्या तयारीनिशी जावे, हा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

यंत्र शिकते कसे?

पटावरील ‘चेकर्स’ हा खेळ सरावाने अधिक चांगला खेळणारी संगणक-आज्ञावली आर्थर सॅम्युएल या अमेरिकन शास्त्रज्ञाने तयार केली आणि १९५९ साली तिच्यावरील निबंधात ‘यंत्रशिक्षण’ ही संज्ञा वापरली. या पद्धतीत यंत्राला नियम सांगत नाहीत; उदाहरणे दाखवितात. तज्ज्ञांनी पतंगांवर खुणा केलेली हजारो छायाचित्रे यंत्रापुढे ठेवली जातात. यंत्र अंदाज करते, चूक मोजली जाते आणि त्यानुसार आतील आकडे थोडेथोडे बदलले जातात. शेवटी, पूर्वी न दाखविलेल्या छायाचित्रांवर त्याची परीक्षा होते. घोकंपट्टी करणारा विद्यार्थी नवा प्रश्न आला की अडतो. यंत्राचेही तसेच आहे.

शाळेचे स्वरूप

‘मशीन लर्निंग समर स्कूल’ या आंतरराष्ट्रीय मालिकेचा प्रारंभ २००२ साली ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे झाला. भारतात हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेसारख्या संस्थांनी अशा शाळा भरविल्या आहेत. त्या साधारणतः एक ते दोन आठवडे चालतात. व्याख्यानांच्या जोडीला संगणकावरील प्रात्यक्षिके असतात, आणि मोकळ्या वेळेत संशोधकांशी समोरासमोर चर्चा करता येते. प्रवेशासाठी अर्ज व बहुधा शिक्षकांचे शिफारसपत्र लागते. संभाव्यता, सदिश व सारणी यांचे गणित आणि ‘पायथन’ ही संगणकभाषा यांची पूर्वतयारी हवी. ‘एनपीटीईएल’वरील आयआयटी प्राध्यापकांची व्याख्याने त्यासाठी घरबसल्या विनामूल्य पाहता येतात.

जाताना न्यावयाची शिदोरी

तथापि केवळ प्रमाणपत्र घेऊन परतणे हे अशा शाळेचे फलित नव्हे. अन्य प्रदेशांतील छायाचित्रांवर शिकलेले यंत्र भोकरदन वा घनसावंगीच्या शेतात तितकेच अचूक ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. धुळीने माखलेला सापळा, ढगाळ सकाळचा अंधुक प्रकाश, साध्या मोबाइलने टिपलेले छायाचित्र, ही उदाहरणे यंत्राने पाहिलेलीच नसतील, तर ते चुकण्याचा संभव वाढतो. म्हणून येथील विद्यार्थ्याने आपल्या तालुक्याची खूण केलेली छायाचित्रे व आपला प्रश्न सोबत न्यावा आणि परतल्यावर यंत्राचे उत्तर शेतात जाऊन पडताळावे.

या कामी गावाचाही वाटा मोठा आहे. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद छायाचित्रासह करतो. पिके ओळखण्यास यंत्राला शिकवावयाचे झाल्यास अशाच नोंदी उदाहरणे म्हणून लागतात. नोंद खरी, तर शिकवण खरी. बांधावर न जाता केलेली नोंद यंत्रालाही खोटेच शिकविते.

शिक्षकाने गणिताचा पाया पक्का करावा, ग्रामपंचायत सदस्याने खऱ्या नोंदीचा आग्रह धरावा आणि अधिकाऱ्याने होतकरू विद्यार्थ्यापर्यंत अशा शाळांची माहिती वेळेवर पोहोचवावी. दूरच्या वर्गात मिळालेले ज्ञान कपाशीच्या बांधापर्यंत पोहोचण्याचा मार्ग हाच होय.