एका गाईला वीस एकर
अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातली चेरी काउंटी आकाराने जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढी, सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाखांवर माणसं होती. चेरी काउंटीत २०२० साली ५,४५५! त्यातली जवळपास निम्मी व्हॅलेंटाइन या एकाच गावात राहतात. उरलेल्या मुलखात साधारण साडेपाच चौरस किलोमीटरला एक माणूस. पसारा एवढा, की पूर्व भागातली घड्याळं पश्चिम भागापेक्षा तासभर पुढे असतात.

गाई मात्र लाखाच्या वर. मांसासाठी पाळलेल्या गाईंच्या संख्येत ही काउंटी साऱ्या अमेरिकेत आघाडीवर आहे.

हे असं का, ते पायाखाली बघितलं की कळतं. हा सँडहिल्सचा प्रदेश, म्हणजे गवताने धरून ठेवलेली वाळू. काही टेकड्या १२० मीटर उंच, तीस-तीस किलोमीटर लांब. पश्चिम गोलार्धातला वाळूच्या टेकड्यांचा सर्वांत मोठा पट्टा हाच. वर पडलेला पाऊस वाहून जात नाही, सरळ खाली मुरतो. खाली ओगालाला हा प्रचंड भूजलसाठा आहे. इथे काही ठिकाणी पाण्याने भरलेला थर ३०० मीटरपर्यंत जाड आहे. सखल जागी तेच पाणी तळी होऊन वर येतं, आणि त्या ओलसर कुरणांतलं गवत कापून हिवाळ्याचा चारा होतो. एवढं पाणी असून नांगर मात्र चालत नाही, कारण गवताची मुळं तुटली की वाऱ्याने वाळू उडू लागते.

तेव्हा हिशेब गवताचा. एका गाईला वासरासह वर्षभर पोसायला पंधरा-वीस एकर लागतात. चारशे गाई म्हणजे सहा ते आठ हजार एकर, आणि तेवढ्यावर जेमतेम एक-दोन कुटुंबं. इथली विरळ वस्ती मला मागासलेपणाची खूण वाटत नाही. जमिनीला झेपतील तेवढीच माणसं उरली आहेत.

हा हिशेब वॉशिंग्टनला मात्र उमगला नाही. लाकोटा या मूळनिवासी लोकांच्या या शिकारीच्या मुलखात १८८० च्या आसपास गुराखी स्थिरावले, १८८३ मध्ये काउंटी झाली. पुढे १९०४ च्या किंकेड कायद्याने प्रत्येक कुटुंबाला ६४० एकर फुकट देऊ केले. इतरत्र १६० एकर मिळत, त्या मानाने हे भलतंच उदार. पण ६४० एकरांत गाई पोसल्या जाणार तीस-चाळीस! लोक हजारोंनी आले. त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबंही होती; नॉर्थ लूप नदीकाठी १९०७ पासून त्यांनी डिविटी ही वसाहत उभारली. १९२० च्या सुमारास काउंटीची लोकसंख्या आजच्या जवळपास दुप्पट होती. मग एकेकाने जमीन शेजारच्या रँचवाल्याला विकली. डिविटीही तीसेक वर्षांत ओसरली.