ॲव्हरेजच्या आधी विचारायचे प्रश्न

सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि यवतमाळात चहाच्या टपरीपासून ओपीडीच्या रांगेपर्यंत गाडीखरेदीची चर्चा वाढली. बीपी मोजता मोजता लोक मलाही मत विचारतात. प्रश्न ठरलेले असतात : ॲव्हरेज किती देते? विकताना किंमत येते का? आणि अलीकडे, इलेक्ट्रिक घ्यावी का? इंजिनातले मला फारसे कळत नाही. मात्र गाडी धडकल्यावर आतल्या माणसाचे काय होते, हे सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरला वेगळे शिकावे लागत नाही.

आधी इलेक्ट्रिकचे बोलू. आपल्याकडे तिच्याविरुद्धचा सगळ्यात जोरदार मुद्दा चक्क वैद्यकीय असतो. ‘रात्री-बेरात्री पेशंट नागपूरले नेयाचं काम पडलं तं?’ नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन तीनशे. कंपनी जो आकडा सांगते त्यापेक्षा प्रत्यक्षात गाडी कमी चालते, उन्हाळ्यात एसी लावला की आणखी कमी. तेव्हा भीती निराधार नाही. पण छातीत कळ आलेला माणूस स्वतःच्या गाडीत घालून थेट नागपूर गाठणे, हाच बेत मुळात चुकीचा आहे. त्या गाडीत ना ऑक्सिजन असतो, ना हृदय बंद पडल्यावर शॉक देण्याचे यंत्र. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा आहे आणि तिच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातही देता येते आणि ते जितके लवकर मिळेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. पुढे सावंगी, सेवाग्राम की नागपूर, हे नंतर ठरते. रुग्णवाहिकेला उशीर होत असेल तर घरची गाडी जरूर काढा, पण जवळच्या रुग्णालयापर्यंत. आणि रुग्णाला स्टिअरिंगवर बसवू नका. तेवढ्या अंतराला रात्री चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक गाडी पुरून उरते.

धुराचे काय? डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट केले. फुप्फुसाचा कर्करोग हा त्यातला मुख्य. दत्त चौकात किंवा बसस्थानकासमोर दिवसभर उभ्या असणाऱ्या फळविक्रेत्याच्या दृष्टीने धूर न सोडणारी प्रत्येक गाडी चांगलीच. मात्र इलेक्ट्रिक म्हणजे शून्य प्रदूषण, हे विक्रेत्याचे वाक्य आपण विदर्भातल्या लोकांनी तरी जसेच्या तसे घेऊ नये. वीज बऱ्याच अंशी कोळशावर होते, आपल्याच वणी तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत आणि शेजारी चंद्रपूरला २९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. यवतमाळच्या चौकातला धूर कमी होतो. त्यातला काही भाग दुसऱ्याच्या अंगणात जातो. तरीही रोज यवतमाळ-दारव्हा करणाऱ्याने, घरी चार्जिंगची सोय आणि नीट अर्थिंग असेल तर, इलेक्ट्रिकचा विचार जरूर करावा, असे माझे मत आहे. फक्त गल्लीबोळात सावकाश चालवा. तिचा आवाज येत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला ती मागून आल्याचे कळत नाही.

पेट्रोल, डिझेल की वीज यावर घरात महिनाभर वाद होतात. मागच्या सीटचा पट्टा मात्र कोणी बघतही नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती. मिस्त्री मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मागे बसलेले दोघेही गेले, पुढचे दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात पट्टा न लावलेले १६,७१५ जण देशात रस्त्यावर मरण पावले आणि त्यातले जवळपास निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते.

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून थांबते, तेव्हा पट्टा नसलेला माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो. हा वेग म्हणजे साधारण चौदा मीटरवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडणाऱ्या माणसाचा जमिनीवर आपटतानाचा वेग. मागे बसलेला माणूस असा उडाला की पुढच्यालाही घेऊन जातो. नागपूर-तुळजापूर महामार्ग चांगला झाल्यापासून ६० हा वेग कोणाला वेगच वाटत नाही.

मांडीवरच्या बाळाचा हिशेब याहून वाईट. ताशी ५० च्या धडकेत गाडीचा पुढचा भाग अर्धा मीटर चेपला असे धरले, तर दहा किलोचे मूल हातात धरून ठेवायला सुमारे दोनशे किलो उचलण्याइतका जोर लागतो. आईचे प्रेम कितीही असो, तेवढा जोर हातात नसतो. आणि समोरच्या सीटवर मांडीवर बसवले, तर उघडणारी एअरबॅग त्या मुलावरच आदळते. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते, म्हणून त्याची खास सीट मागच्या बाजूला, पाठीमागे तोंड करून बसवायची. ती अडकवण्यासाठीचे आयसोफिक्सचे हुक सीटच्या फटीत असतात. शोरूममध्ये बोट घालून बघा. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना किंवा अशा सीटविना बसवले तर एक हजार रुपये दंड आहे, हेही अनेकांना माहीत नसते.

आता स्टार. भारत एनकॅप ही आपली धडक-चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरने दिली जाते. चाचणी ऐच्छिक आहे, म्हणून स्टारच नसलेली गाडी दिसली तर तसे विचारा. जाहिरातीत न येणारी गोष्ट अशी की चाचणीतल्या पुतळ्यांना पट्टे बांधलेले असतात. पाच स्टार मिळतात ते पट्टा लावणाऱ्याला.

सेकंडहँड घेत असाल तर निर्मितीचे साल बघा. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या प्रवाशाची त्यानंतर. त्याआधीच्या अनेक स्वस्त मॉडेलमध्ये एकही नसते.

आणि डिलिव्हरीच्या दिवशी ॲक्सेसरीजच्या दुकानात जरा दमाने घ्या. जाड सीट कव्हर घातले की मागची बकले त्याखाली गाडली जातात. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर तिचीही वाट अडते. पुढे लावलेला लोखंडी बंपर गार्ड धडकेचा अंदाज घेणाऱ्या सेन्सरची फसवणूक करू शकतो, शिवाय समोरच्या पादचाऱ्याची हाडे मोडतो. केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितले आहे. पट्टा न लावता बीप बंद करणारी क्लिप तर विकत घेऊच नका. कव्हर हवेच असेल, तर दुकानदारासमोर मागे तिघांना बसवा, तिघांचेही पट्टे लावून बघा आणि मगच पैसे द्या.