पहिली गिटार

आमच्या रत्नागिरीच्या घरात वाद्य म्हणजे पेटी आणि तबला. त्यात नातीला हवी इलेक्ट्रिक गिटार! मला धसका शेजाऱ्यांचा. पण गंमत पाहा, हिचे अंग भरीव लाकडाचे; विजेवाचून ती जेमतेम कुजबुजते. अँप्लिफायरला हेडफोन लावला की माजघरात पोथी वाचणाऱ्यालाही पत्ता लागत नाही.

पोलादी तार थरथरली की तिच्याखालच्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात वीज उपजते, ती अँप्लिफायर मोठी करतो. म्हणजे अँप्लिफायर हे निम्मे वाद्यच. सगळे पैसे गिटारीवर उडवू नयेत.

दुकानदार रंग दाखवतो. आपण मान पाहावी. ती वाकडी नको, खुंट्या सैल नकोत. तारा पट्टीपासून फार उंच असल्या तर बोटे सोलवटतात, आणि पोराला वाटते, आपल्यालाच जमत नाही. वाद्याच्या खोडीपायी एखादे मूल गाण्यालाच मुकते हो! म्हणून जाणत्याकडून तारा आधी बसवून घ्याव्यात.

फेंडर कंपनीने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टरला सूर हेलकावणारा दांडा दिला. दिसायला झोकदार, पण नवशिक्याने तो फार दाबला तर सूर हलण्याची भीती. तिच्याच १९५१ च्या टेलिकास्टरसारखी स्थिर घोडीची गिटार बरी.

राहिली आपली खारी हवा. खिडकीच्या गजांचे ती काय करते, ठाऊक आहेच. वाजवून झाले की तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, आणि मुंबईची खेप झाली की तारांचा जादा संच आणावा.