करंट कुठे अडला?

पाथरी तालुक्यातल्या शेतवस्त्यांवर, गोठ्याच्या आडोशाला किंवा खताच्या पोत्यांमागे अजूनही एखादी राजदूत उभी दिसते. टाकीचा रंग उडालेला असतो, सीट फाटलेली असते, पण किक मारली तर दट्ट्याचा दाब पायाला जाणवतो. इंजिन शाबूत असते, गाडी मात्र सुरू होत नाही. घरातले जाणते सांगतात, "करंट येत नाही." या एका वाक्यावर मराठवाड्यातल्या कितीतरी जुन्या गाड्या भंगारवाल्याच्या काट्यावर चढल्या. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी टोके, घासायला एक पॉलिशपेपर आणि अर्थिंगचा एक घट्ट बोल्ट पुरला असता.

राजदूत ही खेड्यांची गाडी. एस्कॉर्ट्सने ती १९६२ पासून पोलंडच्या एसएचएल एम-११ या मोटारसायकलीवरून बनवली आणि १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटामुळे तिची छोटी बहीण शहरी पोरांनाही ठाऊक झाली. म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९६१ पासून धावू लागला, १९७३ पासून त्याच गाड्या येझदी नावाने निघाल्या आणि १९९६ मध्ये कारखाना थांबला. बुलेट बनवणारी मद्रासची एनफिल्ड इंडिया १९५५ ची. कायनेटिकची लूना महाराष्ट्रातली, १९७२ ची. या चारही जुन्या गाड्यांत वीज तयार करण्याची रीत एकसारखी नाही, आणि दुरुस्तीची सुरुवात तिथूनच करावी लागते.

लूना आणि राजदूत फ्लायव्हील मॅग्नेटोच्या गाड्या. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकात चुंबक बसवलेले असतात आणि आत स्थिर प्लेटवर तांब्याच्या तारेची वेटोळी. सायकलच्या डायनॅमोचे तत्त्वही हेच. एक वेटोळे प्लगसाठी, बाकीची दिव्यांसाठी. इंजिन फिरले की वीज तयार, म्हणून अशा गाडीला सुरू व्हायला बॅटरी लागत नाही. मात्र दिव्याचा उजेड इंजिनाच्या वेगाबरोबर कमीजास्त होतो. चौकात गाडी संथ झाली की हेडलाइट पिवळा पडतो, रेस दिली की पांढरा होतो. हा बिघाड नाही, त्या रचनेचा स्वभावच तो आहे. आणखी एक गोष्ट अनेकांना कोड्यात टाकते: हेडलाइटचा बल्ब उडाला की थोड्याच वेळात मागचा बल्बही जातो. पुढच्या दिव्याने खायची वीज मागच्या छोट्या दिव्याच्या वाट्याला येते आणि त्याची तार वितळते.

जावाची तऱ्हा वेगळी. तिच्यात क्रँकच्या टोकाला कार्बन ब्रशचा डायनॅमो असतो, सहा व्होल्टचा आणि अवघ्या ४५ वॅटचा. त्यातून बॅटरी भरते आणि बॅटरीतून कॉइलला करंट जातो. ४५ वॅटमध्ये हेडलाइट, मागचा दिवा आणि इग्निशन भागवायचे म्हणजे संसार काटकसरीचाच. रात्री दिवा लावून बाजारपेठेतून सावकाश फिरत राहिले तर बॅटरीत येते त्यापेक्षा जाते जास्त. शहरात वापरलेल्या जावाची बॅटरी सतत उतरते आणि लांब रस्त्यावरची टिकते, याचे कारण हेच. रेग्युलेटरला, म्हणजे मिस्त्री ज्याला कटआऊट म्हणतात त्याला, उगाचच दोष मिळतो. त्याच्या डब्यात हात घालण्याआधी ब्रश किती झिजले आहेत आणि कम्युटेटर काळा पडला आहे का, एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा उत्तर मिळते.

बुलेट तिसऱ्या प्रकारची. अल्टरनेटर, रेक्टिफायर, बॅटरी, कॉइल आणि पॉइंट असा तिचा मार्ग. तिच्या हेडलाइटच्या आवरणावर छोटा अँमीटर असतो. आज तो निव्वळ शोभेचा वाटतो, पण जुने बुलेटवाले त्याच्याकडे बघूनच किक मारत. चावी लावायची आणि किक हळूहळू दाबत जायची. पॉइंट जुळलेले असतात तोवर कॉइलमधून करंट वाहतो आणि काटा उणे बाजूला झुकतो. पॉइंट उघडले की करंट तुटतो, काटा झटकन मध्यावर येतो. त्या क्षणी दट्ट्या कॉम्प्रेशनच्या माथ्यापाशी असतो. मग डिकॉम्प्रेसर दाबून किक जराशी पुढे न्यायची, सोडायची आणि एकच भरीव किक. पायाला उलटा झटका बसत नाही. शिवाय काटा हललाच नाही, तर पॉइंट काजळलेत, फ्यूज गेलाय किंवा तार तुटलीय हे गाडी न उघडताच कळते. एवढी माहिती देणारे दुसरे यंत्र त्या काळच्या गाडीवर नव्हते, म्हणूनच तो काटा बंद असताना गाडी विकत घेणे धोक्याचे.

आता पॉइंट आणि कॉन्डेन्सर, कारण 'करंट येत नाही' या तक्रारीचे मूळ सर्वाधिक वेळा इथेच सापडते. कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात, एक जाड तारेचे आणि एक केसासारख्या बारीक तारेचे. जाड वेटोळ्यातला करंट पॉइंटने अचानक तोडला की त्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक वेटोळ्यात दहा हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो. तोच प्लगच्या फटीतून ठिणगी होऊन उडी मारतो. दोन-स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला पन्नास वेळा हे घडते. पॉइंटमधली फट साधारण ०.४ मिलिमीटर, फीलर गेजने मोजायची. पॉइंटचा कॅमला टेकणारा भाग हळूहळू झिजतो, फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. गाडी चढावर दम टाकते, इंजिन तापते आणि मालक कार्बोरेटर साफ करत बसतो.

कॉन्डेन्सर हा पॉइंटचा रखवालदार. करंट तुटताना पॉइंटच्या टोकांत ठिणगी पडू पाहते, ती तो शोषून घेतो. तो खराब झाला की पॉइंट उघडताना त्यांच्यात निळसर-पांढरी मोठी ठिणगी दिसते, टोके जळतात आणि प्लगपर्यंत पोचणारी ठिणगी मरगळते. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा एक खास तक्रार वाढते: गाडी गार असताना पहिल्या किकला सुरू होते, दहा-बारा किलोमीटरवर बंद पडते, झाडाखाली तासभर उभी केली की पुन्हा सुरू. ताप चढल्यावर हात टेकणारा कॉन्डेन्सर किंवा कॉइल, दोहोंपैकी एक. आधी कॉन्डेन्सर बदलून पाहावा, कारण तो स्वस्त आहे.

सहा व्होल्टच्या गाडीचा दिवा मंद असणारच, असा समज पक्का रुजला आहे. तो अर्धाच खरा आहे. चोवीस वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर चार अँपिअर ओढतो, बारा व्होल्टवर फक्त दोन. वाटेत कुठेतरी पाव ओहमचा गंजलेला जोड असेल, तर सहा व्होल्टच्या गाडीत तिथेच एक व्होल्ट हरवतो, म्हणजे सहावा हिस्सा. बारा व्होल्टच्या गाडीत त्याच जोडावर अर्धाच व्होल्ट जातो, चोविसावा हिस्सा. आणि बल्बचा दाब सहाव्या हिश्श्याने घटला की उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. जोड स्वच्छ असलेल्या जावाचा दिवा पाहिलेल्या माणसाला त्याबद्दल तक्रार करवत नाही.

या जोडांपैकी सर्वात दुर्लक्षित जोड म्हणजे अर्थिंग. बॅटरीकडे परतीचा रस्ता वेगळ्या तारेने नव्हे, गाडीच्या फ्रेममधूनच जातो. पाथरीच्या काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात बोल्टमागे भरतो, वाळतो आणि खाली गंज धरतो. दुसरा शत्रू नवा आहे आणि तो चांगल्या हेतूने येतो: पावडर कोटिंग. हौसेने जुनी गाडी उतरवून फ्रेमवर जाड चकचकीत थर दिला जातो, सगळे पुन्हा जोडले जाते आणि एकही दिवा लागत नाही. थर वीज जाऊ देत नाही. अर्थिंगच्या बोल्टखालची चकतीएवढी जागा खरवडून धातू उघडा करावा आणि जोड घट्ट केल्यावर वरून थोडी पेट्रोलियम जेली लावावी.

वायरिंग तपासायला एक सहा व्होल्टचा बल्ब आणि दोन तारा पुरतात. बॅटरीपासून निघायचे, एकेका जोडापाशी बल्ब लावून पाहायचे. ज्या जोडापलीकडे तो लागत नाही तिथेच दोष. हँडल डावीकडे वळवले की दिवा जातो आणि सरळ केले की येतो, तर स्टीअरिंगच्या मानेपाशी तार आतून तुटली आहे. वरचे आवरण धड दिसले तरी फसू नये. उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या तारा सीटखाली सापडतात. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाचा चंदेरी कागद गुंडाळणे ही मात्र अक्षम्य गोष्ट. शॉर्ट झाल्यावर फ्यूज जळायचा असतो, तो जळला नाही तर पेट्रोलच्या टाकीखालची वायरिंग जळते.

ब्रिटिश बनावटीच्या जुन्या बीएसए किंवा ट्रायम्फ गाडीत एक सावधगिरी अधिक: त्यांत बॅटरीचे धन टोक फ्रेमला जोडलेले असण्याची शक्यता मोठी. सवयीने ऋण टोक अर्थ केले तर रेक्टिफायर असलेल्या गाडीत तो क्षणात जातो.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून बारा व्होल्ट करणे आता सोपे आहे. रोज वापरायच्या गाडीसाठी त्यात गैर नाही. पण मूळची वायरिंग कात्रीने कापून फेकली जाते तेव्हा त्या गाडीचा नकाशाच नाहीसा होतो. जुनी वायरिंग, स्विच, डायनॅमो पिशवीत भरून नाव लिहून ठेवावेत. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. त्यांच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात आणि गाडीत मोठे फेरबदल झालेले नसावेत ही अट आहे. साठच्या दशकातल्या राजदूत आणि जावा आता या वयात बसतात.

सुटे भाग मिळत नाहीत, ही भीतीही पूर्ण खरी नाही. पॉइंट, कॉन्डेन्सर, ब्रश आजही नवे मिळतात. अडते ते जळलेल्या वेटोळ्यांपाशी, आणि तिथे पाथरीसारख्या ऊस-कापसाच्या गावाला एक सोय आपसूक आहे: शेतीपंपाच्या मोटारी भरून देणारे कारागीर. इन्सुलेशन चढवलेली तांब्याची तार, व्हार्निश आणि वेटोळी मोजायची सवय, तिन्ही त्यांच्यापाशी असते. जावाच्या डायनॅमोची फील्ड कॉइल किंवा मॅग्नेटोचे दिव्याचे वेटोळे त्यांच्याकडून भरून घेता येते. जुने वेटोळे उकलताना फेरे मोजावेत, तारेची जाडी मायक्रोमीटरने घ्यावी, गुंडाळीची दिशा कागदावर बाणाने काढावी, आणि नवे वेटोळे गाडीत चालल्याची खात्री होईपर्यंत जुनी तार टाकू नये.